गोचिडीचा उपवास, लेप्टोची खादाडी आणि कर्जतची पेज!

पावसाळा! भिवपुरीचा धबधबा, माथेरानचं धुकं, खोपोलीच्या घाटातली भाजलेली कणसं आणि कर्जत स्टेशनवरचा गरमागरम वडापाव. मूड एकदम सेट! पण मंडळी, याच मोसमात गवतात, गुरांच्या अंगावर आणि भातखाचरांच्या चिखलात काही चिमुकल्या पाहुण्यांचाही सीझन जोरात असतो. गोचीड, पिसू, उंदीर आणि त्यांच्यासोबत फुकट प्रवास करणारे जंतू!

आता प्रश्न येतो ताटाचा. अमेरिकेत गोचिडीपासून होणाऱ्या लाइम आजारासाठी ‘साखर सोडा’, ‘लसूण वाढवा’, ‘हा पाला खा’, ‘ती पावडर घ्या’ असे डाएट धडाधड सुचवले जातात. आपल्या कर्जत-खालापुरात लाइमपेक्षा त्याच्या चुलतभावाचा, म्हणजे लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) धाक मोठा. मग आपल्या ताटात या मंडळींवर उतारा आहे का? चला, एक फास्ट लोकल पकडू. प्रत्येक स्टेशनवर एक भन्नाट गोष्ट!

आईच्या नोंदी आणि एक नवा आजार

माहीत आहे का, लाइमचा माग पहिल्यांदा घराघरातल्या आयांनी काढला? अमेरिकेच्या कनेटिकट राज्यात लाइम आणि ओल्ड लाइम नावाची गावं आहेत. तिथे मुलांचे गुडघे सुजू लागले. पॉली मरे नावाच्या आईने घरातल्या प्रत्येक दुखण्याची नोंद ठेवली आणि १९७५ मध्ये आरोग्य खात्याचा पिच्छा पुरवला. डॉक्टर ॲलन स्टीअर यांच्या टीमने तपास हाती घेतला आणि वैद्यकशास्त्राला एक नवं नाव मिळालं. थ्री चीअर्स फॉर आई!

जंतू सापडला तो गोचिडीच्या पोटात. मूळचे स्वित्झर्लंडचे शास्त्रज्ञ विली बर्गडॉर्फर यांनी १९८१ मध्ये गोचिडी चिरून पाहिल्या, तर आत स्प्रिंगसारखे वळसेदार जंतू! १९८४ मध्ये जंतूला त्यांचंच नाव मिळालं: बोरेलिया बर्गडॉर्फेरी. आडनाव अमर करायची ही एक हटके रीत!

आणि सर्वांत जुना पेशंट? आल्प्सच्या बर्फात १९९१ मध्ये सापडलेला ओट्झी! सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या या माणसाच्या डीएनएचा अभ्यास २०१२ मध्ये छापून आला. त्यात बोरेलियाच्या खुणा दिसल्या. बोनस माहिती: बाबाजींना दूधही पचत नव्हतं!

भारतात लाइमच्या नोंदी तुरळक आहेत. केरळच्या वायनाडमध्ये रुग्ण आढळले. कर्नाटकातल्या नागरहोळे-बंदीपूरच्या जंगलपट्ट्यातल्या लोकांच्या रक्तात या जंतूशी लढलेल्या प्रतिपिंडांचा सुगावा लागला. म्हणजे सह्याद्रीच्या दक्षिणेकडच्या भागात त्याची चाहूल आहे. कर्जतच्या ट्रेकरने घाबरून बॅग अनपॅक करायची गरज नाही, पण गोचीड ओळखता यायलाच हवी.

गोचिडीचे वर्ल्ड रेकॉर्ड

गोचीड हा कीटक नाही! आठ पायांची ही बया कोळी आणि विंचवाच्या खानदानातली. पण थांबा, तिच्या पिल्लाला मात्र सहाच पाय. उरलेले दोन पहिली कात टाकल्यावर मिळतात. वाढदिवसाचं गिफ्ट म्हणा ना!

तिला उडी मारता येत नाही, उडताही येत नाही. मग अंगावर चढते कशी? गवताच्या टोकावर बसून पुढचे पाय पसरते आणि वाट पाहते. त्याच पुढच्या पायांवर तिचा सेन्सर असतो. तुमच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाची ऊब तिला तिथून कळते. तुम्ही पेठच्या किल्ल्याच्या वाटेवर धापा टाकत असता, तेव्हा जणू स्वतःचं लाइव्ह लोकेशन शेअर करत असता!

उपवासाचा विक्रम ऐकायचाय? केनियातून १९७६ मध्ये आणलेल्या अर्गास ब्रम्प्टी जातीच्या गोचिडी अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत २७ वर्षं जगल्या. त्यांपैकी माद्यांनी तब्बल ८ वर्षं काहीही न खाता काढली. आपली एकादशी दुप्पट खाशी, हिची एकादशी आठ वर्षांशी!

गोचिडींच्या जगात पुण्याचं नाव मोठं आहे, माहीत आहे का? १९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडं पटापट मरू लागली आणि माणसं तापाने फणफणली. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, छडा लावला. गोचिडीतून पसरणारा नवाकोरा विषाणू! हाच तो माकडताप. २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गानेही त्याचा फटका सोसला.

आता मटणप्रेमींनो, सावरून बसा. अमेरिकेतल्या ‘लोन स्टार’ गोचिडीच्या चाव्यानंतर काही जणांना चक्क मटणाची ॲलर्जी होते! गोचिडीच्या लाळेतल्या अल्फा-गॅल नावाच्या साखरेवर शरीर चिडतं. तीच साखर बोकड, गाय, डुक्कर यांच्या मांसातही असते. त्रास कधी सुरू होतो? जेवल्यावर दोन ते सहा तासांनी. म्हणजे रात्री रस्सा ओरपला की मध्यरात्री अंगभर गांधी! अमेरिकेच्या सीडीसीचा अंदाज आहे की २०१० पासून तिथल्या साडेचार लाखांपर्यंत लोकांना याचा फटका बसला असावा. कोंबडी आणि मासळीत मात्र अल्फा-गॅल नाही. कोकणच्या माणसाला एवढा दिलासा पुरेसा!

गोचिडीच्या एका चाव्याने आख्खा मेन्यू बदलतो. उलट दिशेने मात्र असं होत नाही. मेन्यू बदलून जंतू पळत नाही. का? पुढचं स्टेशन पाहा.

जंतूंचा मेन्यू: एकाला गोड, दुसऱ्याला तेलकट

बोरेलियाचा एक भलताच विक्रम आहे. जवळपास सगळ्या सजीवांना लोह लागतं. याला लागत नाही! त्याने लोहाऐवजी मँगनीज धातूवर काम भागवलं. आपलं शरीर आजारपणात लोह लपवून जंतूंची कोंडी करतं. पण हा पठ्ठ्या म्हणतो, ‘ठेवा तुमचं लोह तुमच्यापाशी!’ २००० साली हे उघड झालं तेव्हा शास्त्रज्ञ थक्क झाले. त्यामुळे ‘लाइम झालाय, पालेभाजी बंद करा, लोह वाढेल’ या सल्ल्याला काही पायाच नाही.

आणखी एक. बहुतेक जीवाणूंचं गुणसूत्र गोल असतं, बोरेलियाचं सरळ रेषेत! १९९७ मध्ये त्याची जनुकीय कुंडली उलगडली. त्यात बरीचशी अमिनो आम्लं स्वतः बनवायची सोयच नाही, असं दिसलं. स्वयंपाक येत नाही, सगळं बाहेरून मागवतो. जंतूंच्या दुनियेतला ऑर्डर-इन बॉय!

बोरेलिया साखरेवर जगतो हे खरं. इथूनच ‘साखर सोडा, जंतू उपाशी मारा’ ही आयडिया निघाली. पण तुम्ही चहा बिनसाखरेचा प्यायलात तरी यकृत रक्तातली साखर सांभाळून ठेवतं. ती शून्यावर आली तर जंतूच्या आधी आपणच आडवे होऊ. साखर कमी करणं तब्येतीला छान, जंतूला मात्र त्याची खबरही लागत नाही.

आता लेप्टोची खादाडी बघा. लेप्टोस्पायरा हाही वळसेदार, बोरेलियाचा चुलतभाऊ. पण खाण्याची आवड एकदम उलटी! याला ऊर्जेसाठी साखर चालत नाही, लांब साखळीची स्निग्धाम्लं लागतात. प्रयोगशाळेत त्याला वाढवायचं तर साखरेऐवजी स्निग्धाम्लांचं पथ्य द्यावं लागतं. शिवाय याला लोह हवंच हवं. एक भाऊ गोडघाशा आणि लोहाचा वैरी, दुसरा तेलकट खाणारा आणि लोहाचा भुकेला. दोघांना एकाच डाएटने हरवणार कसं?

चिखल्या, खाचरं आणि प्रश्नचिन्ह

लेप्टोचा आकार कसा असतो, माहीत आहे का? सूक्ष्मदर्शकाखाली त्याची टोकं आकड्यासारखी वाकलेली दिसतात. अगदी प्रश्नचिन्ह! आपल्या ‘माहीत आहे का?’ला याच्याहून फिट जंतू सापडणार नाही.

१८८६ मध्ये जर्मनीच्या अडॉल्फ वाइल यांनी हा आजार वर्णन केला. जंतू पकडला तो जपानच्या इनादा आणि इदो यांनी, १९१५ मध्ये. आणि १९१५ मध्ये खालापुरात काय झालं? टाटांचं खोपोलीचं वीजघर सुरू झालं. लोणावळ्याच्या धरणांचं पाणी घाटाखाली कोसळू लागलं आणि त्यातून तयार झालेल्या विजेवर मुंबईच्या गिरण्या धडधडू लागल्या. जपानमध्ये जंतूवर उजेड, खोपोलीत विजेचा उजेड. साल सेम!

लेप्टो येतो कसा? उंदीर-घुशी आणि गुरं यांच्या मूत्रातून तो ओल्या मातीत उतरतो. सुकलं की मरतो, पण ओलाव्यात महिनोन् महिने टिकतो. त्याला आवडणारं तापमान साधारण २८ ते ३० अंश. म्हणजे आपला जुलै-ऑगस्ट ही त्याची फुल एसी रूम!

आणि त्याचा मेन गेट? चिखल्या! लावणीच्या दिवसांत तासन् तास चिखलात उभं राहून बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडतात, फुटतात, खाजतात. भाकरीइतकीच ही गोष्ट शेतकऱ्याच्या ओळखीची. त्या फुटलेल्या कातडीतून लेप्टो बिनतिकीट आत शिरतो. म्हणून शेतावरून आलं की साबणाने पाय धुणं, बोटांच्या बेचक्या कोरड्या करणं, जखम झाकणं आणि जमेल तिथे गमबूट घालणं, हे कुठल्याही काढ्याहून पॉवरफुल.

मातीतला रोग, मातीतलंच औषध

लाइम असो की लेप्टो, डॉक्टरांच्या हातातलं एक कॉमन अस्त्र म्हणजे डॉक्सिसायक्लिन. लाडाचं नाव डॉक्सी. हे औषध ज्या घराण्यातलं, त्याचा मूळपुरुष सापडला कुठे? अमेरिकेतल्या मिसुरीच्या एका शेताच्या मातीत! त्या मातीतल्या सोनेरी जीवाणूपासून १९४८ मध्ये ऑरिओमायसिन आलं. ज्या लेडरली कंपनीत हे घडलं, तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रच्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. मातीनं दिलेल्या दुखण्यावर मातीनंच दिलेलं औषध. फिट्टंफाट!

डॉक्सीचा स्कोअरकार्डही बघा. पनामाच्या जंगलात सरावाला गेलेल्या अमेरिकी सैनिकांच्या दोन गटांवर चाचणी झाली. निष्कर्ष १९८४ मध्ये छापून आला. नुसत्या खोट्या गोळीच्या गटात लेप्टोचे २० रुग्ण, डॉक्सीच्या गटात फक्त १! मुंबईत पुराच्या पाण्यातून चालून आलेल्यांना डॉक्टर प्रतिबंधक डोस सुचवतात, त्यामागे असा पुरावा आहे. डोस किती, कुणाला द्यायचा, गरोदर बाईला किंवा लहान मुलाला काय द्यायचं, हे मात्र डॉक्टरच ठरवतील.

आता या फीचरचा हुकमी एक्का! माहीत आहे का, एका प्राचीन पेयात खरोखर अँटिबायोटिक होतं? सुदानमधल्या प्राचीन नुबियाच्या सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या सांगाड्यांवर अतिनील प्रकाश पाडला, तर हाडं चमकली! कारण? टेट्रासायक्लिन. डॉक्सीच्याच घराण्यातलं. धान्य आंबवून केलेल्या बिअरमधून ते लोकांच्या पोटात जात होतं. हे औषध कॅल्शियमला घट्ट मिठी मारतं, म्हणून हाडांत जाऊन बसलं आणि शतकानुशतकं टिकलं.

ती कॅल्शियमची मिठी लक्षात ठेवा. आपल्या ताटात तिचं मोठं काम आहे.

लॅबमधला हिरो, पोटात झीरो?

२०१८ मध्ये अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ३५ सुगंधी तेलं बोरेलियावर तपासली गेली. त्यातल्या १० तेलांनी जोरदार मार दिला. त्यात कोण? लसूण, दालचिनी आणि आपलं जिरं! फोडणीचं अख्खं पथक. पण हा सामना काचेच्या नळीत झाला. तेवढं जहाल तेल रक्तात पोहोचवायचं म्हटलं, तर माणूस जंतूच्या आधी कोलमडेल. त्यामुळे लसणाची चटणी भाकरीसोबत बिनधास्त, लाइमच्या प्रिस्क्रिप्शनवर नको.

२०१५ मध्ये गोडुली पानं, म्हणजे स्टीव्हिया, बोरेलियाला मारतात अशी बातमी गाजली. तीही काचेच्या भांड्यातली. माणसांवरच्या चाचण्यांचा पूल अजून बांधायचा आहे.

काही ‘पर्यायी’ उपाय तर थेट धोक्याचे. बिस्मथ धातूचं बिस्मासीन नावाचं इंजेक्शन लाइमसाठी टोचलं जात होतं. एक मृत्यू झाला आणि २००६ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याविरुद्ध इशारा दिला. चांदीचं पाणी पिणाऱ्यांची कातडी कायमची निळसर-करडी होऊ शकते. फिल्टर नाही, रिअल लाइफ!

आपल्याकडचा लाडका गुळवेल? मुंबईच्या डॉक्टरांनी २०२० च्या शेवटच्या चार महिन्यांत गुळवेलीनंतर यकृताला इजा झालेले ६ रुग्ण पाहिले आणि २०२१ मध्ये ते प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद रंगला. पण लेप्टो स्वतःच यकृतावर हल्ला करतो. कावीळ झालेल्या माणसाला मनाने काढे पाजणं म्हणजे दुखऱ्या यकृतावर आणखी ओझं. आधी डॉक्टरांना दाखवा, घेतलेला प्रत्येक पाला त्यांना सांगा.

हळदीचं बघू. बंगळुरूच्या १९९८ च्या अभ्यासात मिऱ्यातल्या पायपरीनने हळदीतल्या कर्क्युमिनचं शरीरातलं प्रमाण २००० टक्क्यांनी वाढलं! आणि जखमेवरच्या हळदीचं अमेरिकी पेटंट? रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआरने लढून १९९७ मध्ये ते रद्द करवलं. गोव्याच्या माशेलच्या सुपुत्राने हळद सोडवून आणली. हळद आपली आहे, चव आपली आहे. फक्त डॉक्सीची ड्यूटी तिच्या गळ्यात घालू नका.

कर्जतचं ताट: ताकद फुल्ल!

आता खरी मेजवानी. जंतू मारायचं काम गोळीचं, पण तापाने पिळवटलेल्या अंगाला उभं करायचं काम कुणाचं? ताटाचं! आणि कर्जत-खालापूरचं ताट म्हणजे जॅकपॉट.

पहिली एन्ट्री पेज! कर्जत तालुक्यात पेज नावाची नदीही आहे. भिवपुरीच्या वीजघरातून सुटणाऱ्या पाण्यामुळे ती उन्हाळ्यातही वाहती. वाडीत नदीची पेज, ताटात तांदळाची पेज! या पेजेची ताकद समजायला एक गोष्ट ऐका: १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून कॉलऱ्याचे मृत्यू ३० टक्क्यांवरून ३-४ टक्क्यांवर आणले. सूत्र तेच: पिष्टातून सुटलेली साखर आतड्यात मिठाचा हात धरते आणि मागोमाग पाणी आत येतं. मीठ घातलेली पेज हे सगळं न बोलता करते. मात्र लेप्टोत मूत्रपिंडाला त्रास असेल, तर पाणी-मीठ किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारूनच.

तांदूळ म्हटला की कर्जतची छाती फुगते. इथल्या भात संशोधन केंद्राने वाणांना गावाचंच नाव दिलं: कर्जत-२, कर्जत-३, कर्जत-१८४. ‘सह्याद्री’ हा संकरित वाणही इथलाच. आपल्या गावाच्या नावाचा भात खायचा मान किती जणांना मिळतो?

नाचणीबाई तर कॅल्शियमची राणी. १०० ग्रॅममध्ये साधारण ३४० ते ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम. पांढरा तांदूळ जेमतेम १० च्या आसपास. स्कोअर काय सांगतो? नाचणी बाय अ नॉकआउट! पण डॉक्सी चालू असेल तर ती कॅल्शियमची मिठी आठवा. दूध, अँटासिड, कॅल्शियमच्या आणि लोहाच्या गोळ्या हे डॉक्सीला पोटात धरून ठेवतात आणि रक्तात कमी जाऊ देतात. म्हणून गोळी आणि हे सगळं यांत दोन-तीन तासांचं अंतर. गोळी भरपूर पाण्याबरोबर, बसून किंवा उभं राहून. लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जळजळ. पथ्याची ही टिप सगळ्या फॅन्सी डाएटना पुरून उरते!

रानभाज्यांची पाटी: स्टार्ससोबत सेल्फी घ्या

शेवळं! पावसाच्या तोंडावर कर्जत-नेरळच्या कातकरी-ठाकर मावश्या जुड्या घेऊन बसतात. माहीत आहे का, शेवळात सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात? नीट शिजवलं नाही तर घसा खवखवून धिंगाणा. उतारा शेजारच्याच वाट्यावर असतो: काकडं! ती आंबट फळं घातल्याशिवाय शेवळाची भाजी पूर्ण होत नाही. कोलंबी घाला, खिमा घाला, नाहीतर डाळ घाला. काकडं विसरू नका.

टाकळा! रस्त्याकडेला फुकट उगवणारा. कोवळा पाला भाजीला, आणि बिया भाजल्या तर कॉफीला पर्याय. कॅपुचिनो विथ कोकण टच!

कंटोळी! वेलींमध्ये नर वेगळा, मादी वेगळी. म्हणून एकटीच वेल लावून ‘फळ का येत नाही?’ विचारू नका. आधी जोडी जुळवा.

कडूकंद! कच्चा खाल्ला तर त्रास, पण उकळून, कापून, वाहत्या पाण्यात पुनःपुन्हा धुऊन तो पोटभरीचा होतो. हे ज्ञान पिढ्यान् पिढ्या वाड्यांवरच्या बायकांच्या हातात आहे. कातकरी समाज महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक. जंगलाची ही एवढी मोठी पाककला त्यांच्यापाशी आहे. त्यांच्याकडून भाजी घेताना घासाघीस नको, आणि ‘कशी करायची?’ हे जरूर विचारा. रेसिपी फ्री, शिकवणी फर्स्ट क्लास.

वाघाटी! आषाढी एकादशीनंतर द्वादशीला उपवास सोडताना ताटात येणारं कडू फळ. एकादशीचा गोडवा मोडायला परफेक्ट!

अनोळखी पाला मात्र फोटोवर विसंबून तोडू नका. मावशींनी दाखवलेलाच घ्या. ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या आसपास कृषी विभाग रानभाजी महोत्सव भरवतो. तिथे एका टेबलावर पंधरा नवे दोस्त भेटतील. आणि पारंपरिक भाताचे वाण, धान्य बँक नि औषधी वनस्पती यांत रस असेल तर कर्जतच्या कशेळेतली अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स हे ठिकाण लक्षात ठेवा.

वलगणीचे मासे! पहिल्या मोठ्या पावसात नदीतले मासे ओढ्यातून उलटे चढत थेट खाचरात घुसतात. अंडी घालायचा त्यांचा प्लॅन असतो, आपला प्लॅन कालवणाचा. आजारातून उठलेल्या अंगाला हे ताजं प्रथिन झकास. पण जखमी पायाने, अनवाणी वलगणीत उतरू नका. तिथे मासा आणि लेप्टो एकाच पाण्यात असतो.

आणि पावसाळा संपला, थंडी सुरू झाली की? पोपटी! मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, बटाटे, वर भांबुर्ड्याचा पाला. पाण्याचा थेंबही नाही! रायगडच्या मातीचा सुगंध असलेलं प्रोटीन पॅकेज. जिमवाल्यांनो, डबा नाही, मडकं आणा!

फ्रीजवर चिकटवायची यादी

गोचीड चिकटली? टोकदार चिमट्याने कातडीला अगदी लागून पकडा, सरळ वर ओढा. रॉकेल नको, काडीचा चटका नको, पिळवटणं नको. जागा साबणाने धुवा. लाइमचा जंतू अंगात यायला गोचीड बहुतेक वेळा २४ तासांहून जास्त चिकटलेली असावी लागते. म्हणून ट्रेकहून आल्या आल्या काखा, जांघा, गुडघ्यामागे, कानामागे, केसांत बघा. पाच मिनिटांची तपासणी, बक्षीस मोठं!

पुरळ? चाव्याभोवती पसरत जाणारं लाल चकंदळ दिसलं की फोटो काढा आणि डॉक्टरांकडे जा.

लावणीनंतर अचानक ताप, पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल? ‘चिखलात होतो’ हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा. लघवी कमी झाली, डोळे पिवळे पडले किंवा दम लागला, तर वाट पाहू नका. जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा कर्जतचं उपजिल्हा रुग्णालय गाठा, त्याच दिवशी!

गोळ्यांचा कोर्स? दोन दिवसांत बरं वाटलं तरी पूर्ण करा.

जेवण? गरम पेज, मऊ भात, डाळ, शिजवलेली पालेभाजी, अंडं किंवा मासळी, उकळलेलं पाणी. महागडी पावडर लागत नाही. कर्जतच्या आठवडी बाजारात पिशवी भरली की आठवड्याचा डाएट प्लॅन तयार.

तर मंडळी, हिशेब एकदम क्लिअर. जंतूला मारायचं काम गोळीला द्या, अंगात जोर भरायचं काम ताटाला द्या आणि दोघांना एकमेकांच्या खुर्चीत बसवू नका. शेवळं-काकडं, नाचणी, पेज, वलगण, पोपटी हे सगळं आजारी पडल्यावर आठवायची गोष्ट नाही, वर्षभर मिरवायची आहे. येत्या रविवारी स्टेशनबाहेरच्या मावशींकडे थांबा, एक अनोळखी जुडी उचला आणि घरी गेल्यावर सगळ्यांना विचारा, ‘ही कुठली भाजी, माहीत आहे का?’